परत करावयाची ठेव : मृत बालकाचे मूत्रपिंड आणि वलीचा अधिकार



हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांचा लहान मुलगा आजारी होता. पती अबू तलहा (रजि.) घराबाहेर असताना तो वारला. आईने स्वतः त्याला स्वच्छ करून कापडात गुंडाळले आणि घरच्यांना बजावले की, त्यांना ही बातमी मीच सांगेन. अबू तलहा परतले, तेव्हा तिने त्यांना जेवू घातले, विश्रांती घेऊ दिली आणि मग विचारले की, कोणी एखादी वस्तू काही काळ वापरायला दिली आणि नंतर ती परत मागितली, तर ती नाकारण्याचा हक्क घेणाऱ्याला असतो काय? ते म्हणाले, नसतो. तेव्हा तिने मुलाच्या मृत्यूची वार्ता सांगितली. सहीह मुस्लिममध्ये हा प्रसंग आला आहे. दुसऱ्या दिवशी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या दांपत्यासाठी बरकतीची दुआ केली आणि पुढे त्यांच्या पोटी अब्दुल्लाह जन्माला आला.

हा प्रसंग आपण सब्र शिकण्यासाठी सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्या माउलीच्या प्रश्नात फिक्हचाही एक सिद्धांत दडलेला आहे. मूल ही ठेव आहे. ती सांभाळण्याचा आणि तिच्यावर जीव ओवाळून टाकण्याचा अधिकार आईबापांना आहे, मालकीचा नाही. आज रुग्णालयांतून आपल्या कुटुंबांसमोर जो नवा प्रश्न येत आहे, त्याचा विचार याच सिद्धांतापासून सुरू करावा लागतो. अपघातात वा आजारात मेंदू निकामी झालेल्या लहान मुलाची मूत्रपिंडे काढून ती एखाद्या प्रौढ रुग्णाला बसवावीत काय, आणि त्यासाठी होकार देण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होय.

आधी ही शस्त्रक्रिया काय आहे हे समजून घेऊ; कारण वस्तुस्थिती नीट न जाणता दिलेल्या मतास शरीअतमध्ये वजन नसते. मोठ्या माणसाचे मूत्रपिंड लहान मुलाला बसविल्याचे आपण ऐकलेले असते. त्याच्या उलटही घडते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. प्रौढाचे मूत्रपिंड सुमारे दहा ते बारा सेंटिमीटर लांब असते, तर नवजात अर्भकाचे चार-पाच सेंटिमीटर. असे एकच इवलेसे मूत्रपिंड प्रौढ शरीराचा भार पेलू शकणार नाही. म्हणून दाता फार लहान असेल, तर शल्यचिकित्सक त्याची दोन्ही मूत्रपिंडे, महाधमनी आणि महाशिरेच्या तुकड्यांसह, एकत्रच काढतात आणि ती जोडी एकाच रुग्णाच्या ओटीपोटात एका बाजूला बसवतात. मूत्रपिंडातील गाळणीचे सूक्ष्म घटक सुमारे दहा लाख असतात आणि पूर्ण दिवसांच्या बाळात ते जन्मापूर्वीच तयार झालेले असतात. नंतर त्यांची संख्या वाढत नाही, वाढतो तो आकार. त्यामुळे प्रौढाच्या शरीरात गेल्यावर ही चिमुकली मूत्रपिंडे काही आठवड्यांत व महिन्यांत मोठी होत जातात. अल्लाहच्या कुदरतीची ही निशाणी पाहून माणूस थक्क होतो. मोठा धोका असतो तो सुरुवातीच्या दिवसांत, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा. हाच धोका लहान रुग्णाच्या बारीक वाहिन्यांत अधिक भासतो, म्हणून बालकाची मूत्रपिंडे पुष्कळदा बालकाला न देता प्रौढाला दिली जातात. जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीत वीस महिन्यांच्या एका मृत मुलीची दोन्ही मूत्रपिंडे अशीच एका प्रौढ रुग्णाला बसविण्यात आली.

आता शरीअतकडे वळू. मूल जिवंत असेल, तर मतभेदाला जागाच नाही. हनफी फिक्हचा सर्वपरिचित नियम असा की, बाप आपल्या अज्ञान मुलाच्या मालमत्तेचा वली असला, तरी त्या मालमत्तेतील काहीही तो कोणाला भेट म्हणून देऊ शकत नाही. वलीचे अधिकार मुलाच्या हितापुरते आणि जिथे निव्वळ नुकसान आहे तिथे ते संपतात. ईदीत मिळालेली शंभराची नोट जो बाप मुलाच्या वतीने दुसऱ्याला देऊन टाकू शकत नाही, तो त्याचे मूत्रपिंड कसे देणार? ते मूत्रपिंड सख्ख्या भावासाठी असले किंवा खुद्द बापासाठी असले, तरी उत्तर बदलत नाही. आपल्या देशाचा मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदाही २०११ च्या दुरुस्तीनंतर जिवंत अल्पवयीनाचा अवयव काढण्यास मनाई करतो आणि अपवादाची वाट अतिशय अरुंद ठेवतो. मुलाची संमती घेतली, असे कोणी म्हणेल. पण जो अजून बालिग नाही, ज्याच्यावर नमाजसुद्धा फर्ज झालेली नाही, त्याच्या ‘हो’ला या बाबतीत काही अर्थ नाही.

खरा पेच मृत्यूच्या उंबरठ्यावर सुरू होतो. मूत्रपिंडे उपयोगी पडावीत, यासाठी शक्यतो रक्ताभिसरण चालू असतानाच ती काढली जातात. म्हणजे व्हेंटिलेटर चालू आहे, छाती वरखाली होत आहे, हाताला ऊब आहे, आणि डॉक्टर सांगतात की मेंदूचे मूळ मृत झाले आहे, मूल गेले आहे. आईला हे पटावे कसे? आणि केवळ आईलाच कशाला, उलमांनाही हे सहज पटलेले नाही. १९८६ मध्ये अम्मान येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनाने ठरविले की, मेंदूची सर्व कार्ये पूर्णपणे थांबली, ती पुन्हा सुरू होणार नाहीत असा तज्ज्ञांचा निर्वाळा मिळाला आणि मेंदूचे विघटन सुरू झाले, तर ती व्यक्ती शरीअतच्या दृष्टीने मृत समजावी, मग यंत्राच्या बळावर हृदय धडधडत असले तरी. पुढच्याच वर्षी मक्का येथील राबिता आलम-ए-इस्लामीच्या फिक्ह परिषदेने वेगळी भूमिका घेतली. अशा रुग्णाचे यंत्र काढता येईल. परंतु मृत्यूचे हुकूम हृदय व श्वास थांबल्यावरच लागू होतील, असे तिचे म्हणणे. भारतातील इस्लामी फिक्ह अकादमीचा कलही याच दिशेचा राहिला आहे.

या मतभेदाला किरकोळ समजू नये. अम्मानचे मत खरे असेल, तर ती मूत्रपिंडे मृताच्या देहातून काढली जातात. मक्केचे मत खरे असेल, तर ती अशा जिवातून काढली जातात, ज्याचा मृत्यू अजून शरीअतने नोंदविलेला नाही. एक निष्पाप जीव घेणे म्हणजे साऱ्या मानवजातीला मारण्यासारखे आणि एक जीव वाचविणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचविण्यासारखे, हे सूरह अल-माइदाच्या ३२व्या आयतीत एकाच श्वासात आले आहे. अवयवदानाच्या भित्तिपत्रकांवर त्या आयतीचा दुसरा अर्धा भाग छापलेला दिसतो. पहिला अर्धा भाग छापलेला माझ्या तरी पाहण्यात नाही.

म्हणून मुलांच्या बाबतीत घाई नको, असे माझे स्पष्ट मत आहे. कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने दोनदा तपासणी करावयाची असते आणि दोन तपासण्यांमध्ये किमान सहा तासांचे अंतर लागते. परंतु कोवळ्या मेंदूत सहनशक्तीही असते आणि त्याची लक्षणे फसवीही असतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या २०११ च्या मार्गदर्शक सूत्रांनी एक महिन्यापर्यंतच्या अर्भकांसाठी दोन तपासण्यांत २४ तासांचे आणि त्याहून मोठ्या मुलांसाठी १२ तासांचे अंतर सुचविले; पूर्ण दिवस न भरलेल्या बाळांना तर ही पद्धत लागूच केली नाही. कायदा सहा तासांना किमान म्हणतो, पुरेसे म्हणत नाही. आपल्या मुलासाठी अधिक वेळ मागण्याचा हक्क आईबापांना आहे आणि तो मागताना संकोच करू नये. मृत्यू ठरविणारे डॉक्टर आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर वेगळे आहेत काय, हेही विचारावे. ज्याला त्या मूत्रपिंडाची वाट आहे, त्याच्या डॉक्टरने या मुलाच्या मृत्यूविषयी चकार शब्द काढू नये.

मृत्यू निर्विवाद झाला, असे धरून चालू. मग तरी अवयव द्यावेत काय? येथे आपल्या उपखंडातील उलमा आणि अरब जगतातील उलमा यांच्यात मोठे अंतर आहे. कराचीचे मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांनी इतर उलमांसह या प्रश्नाचा ऊहापोह करून नकाराच्या बाजूने निर्णय लिहिला. मानवी देह अल्लाहची अमानत आहे, माणूस त्याचा मालक नाही आणि मृताचे हाड मोडणे जिवंताचे हाड मोडण्यासारखे आहे, ही अबू दाऊदमधील हदीस त्या मताचा आधार. देवबंदच्या परंपरेतील बहुसंख्य मुफ्ती आजही हेच मत देतात. याउलट १९८८ मध्ये जेद्दाह येथे आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने, ज्याचे जीवन किंवा शरीराचे एखादे मूलभूत कार्य त्या अवयवावर अवलंबून आहे अशा रुग्णासाठी, मृताने हयातीत किंवा त्याच्या वारसांनी नंतर परवानगी दिल्यास, ते जायज ठरविले. त्याच ठरावात अवयवांची विक्री निषिद्ध ठरविली आहे. भारतातील अकादमीने १९८९ मध्ये मधली वाट धरली : जिवंत माणसाने मरणोन्मुख नातलगाला विनामोबदला एक मूत्रपिंड देणे चालेल, पण मरणोत्तर अवयव देण्याची वसियत ग्राह्य नाही.

परवानगी देणाऱ्यांचा एक दाखला मला विशेष विचार करायला लावणारा वाटतो. गर्भवती स्त्री मरण पावली आणि पोटातले मूल हालत असेल, तर तिचे पोट चिरून मूल बाहेर काढावे, असे आपल्या जुन्या हनफी ग्रंथांतच लिहिलेले आहे. म्हणजे मृताच्या देहाचा सन्मान मोठा असला, तरी जिवंताच्या प्राणापुढे तो काही मर्यादेत मागे सरतो, हे आपल्या इमामांनी शेकडो वर्षांपूर्वी मान्य केले होते. नकार देणारे यावर म्हणतात, आणि त्यातही तथ्य आहे, की पोटातले मूल त्या क्षणी मरत असते. मूत्रपिंडाच्या रुग्णापुढे डायलिसिसचा मार्ग शिल्लक असतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास यंत्राला जखडून बसणे हे जगणे कष्टप्रद आहे. पण ते मरण नव्हे. ज्या अडचणीत हराम वस्तू हलाल ठरते ती इज्तिरारची अवस्था हीच काय, यावर वाद आहे. डायलिसिसवर वर्षानुवर्षे काढलेल्या माणसाच्या घरी जाऊन आलेल्याला हा वाद तितकासा सोपा वाटत नाही, एवढे मी म्हणेन.

परंतु मूल गेले असेल, तर एक जादा प्रश्न उरतो. त्याने वसियत केलेली नाही आणि करूही शकत नव्हते. मग वारस ‘देतात’ म्हणजे नेमके काय करतात? महाविद्यालयात मराठी व्याकरण शिकताना ‘संप्रदान’ या संज्ञेपाशी मी थबकलो होतो. दान म्हटले की देणारा आला, घेणारा आला आणि देणाऱ्याच्या मालकीची वस्तू आली. आपण ‘अवयवदान’ हा शब्द सर्रास वापरतो. पण येथे देणाऱ्याची मालकीच नाही. मुलाची विटी-दांडू, दप्तर, सायकल वारसाहक्काने वाटली जाईल, त्याचे मूत्रपिंड वारशात मोडत नाही. मृत्यूसोबत बापाची विलायत संपते आणि वारसांकडे उरते ती त्या देहाच्या इज्जतीची राखण : गुस्ल, कफन, जनाजा, दफन. जेद्दाहच्या ठरावात वारसांची परवानगी मागितली आहे ती, मी समजतो त्याप्रमाणे, या राखणदाराची परवानगी आहे. दारावरचा पहारेकरी एखाद्या गरजवंताला आत येऊ देतो किंवा अडवतो. घर मात्र त्याचे नसते.

एवढे ध्यानात घेतले की व्यवहारातल्या पुष्कळ गोष्टी आपोआप सुटतात. जे आपले नाही त्याची किंमत घेता येत नाही, मग ती रोख असो, रुग्णालयाच्या बिलातील सूट असो की नोकरीचे आश्वासन असो. कायद्यानेही अवयवाच्या व्यापाराला दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवलेला आहे. रुग्ण कोण हे निवडण्याचा आग्रहही धरता येत नाही. मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील विभागीय केंद्रांच्या प्रतीक्षायादीनुसार ते ठरते, आणि घेणारा कोणत्या धर्माचा, हे विचारणे आपल्याला शोभतही नाही. आणि ज्या राखणदाराला परवानगी देण्याचा अधिकार आहे, त्याला नकार देण्याचाही आहे. समुपदेशकाने, नातलगाने किंवा वर्तमानपत्राने त्याला निष्ठुर ठरवू नये. कायदा आई किंवा वडील यांपैकी एकाची सही पुरेशी मानतो. मी बापांना सांगेन की मुलाच्या आईचे मन तयार नसेल, तर त्या कागदाला हात लावू नका. तिने त्याला नऊ महिने वाहिले आहे.

माझा स्वतःचा कल विचाराल, तर मृत्यूविषयी शंका उरलेली नसेल, मोबदला नसेल आणि दोघेही राजी असतील, तर जेद्दाहच्या मतावर चालणाऱ्या आईबापांना मी अडवणार नाही. मी मुफ्ती नाही. ज्यांना वेळ मिळेल त्यांनी आपल्या विश्वासाच्या मुफ्तींना विचारून घ्यावे आणि ते नाही म्हणाले, तर मन शांत ठेवून दफन करावे. पण एका गोष्टीबद्दल मात्र मला कठोर बोलावेसे वाटते. होकार दिलेल्या कुटुंबाविषयी मोहल्ल्यात कुजबुज होते. मुलाला कापायला दिले, जनाजा अर्धा होता, असे शब्द त्या आईच्या कानापर्यंत पोहोचवले जातात. जिथे जाणत्या उलमांच्या परिषदा दोन मते देतात, तिथे एका मतावर चाललेल्या मोमिनाला गुन्हेगार म्हणण्याचा परवाना या लोकांना कोणी दिला? शिवाय एक हिशेब आपण टाळतो. आपल्यापैकी कित्येकांची नावे मूत्रपिंडासाठी प्रतीक्षायादीत आहेत. ती आली तर शुक्र अदा करून आपण स्वीकारतो. घेताना जे हलाल, ते दुसऱ्याने दिल्यावर निंद्य कसे होते? नकाराचे मत प्रामाणिकपणे पाळणाऱ्याने घेतानाही मुफ्तींना तितक्याच काळजीने विचारले पाहिजे.

आईबाप मला आणखी एक गोष्ट विचारतात, बहुधा सर्वांत शेवटी आणि अगदी हळू आवाजात : कयामतच्या दिवशी आमचे मूल अपुरे उठेल काय? नाही. सूरह अल-कियामहच्या सुरुवातीलाच अल्लाह तआला सांगतो की, तो विखुरलेली हाडे जमवील आणि बोटांची पेरे-पेरेसुद्धा पूर्ववत करील. बुखारीमध्ये त्या माणसाची हकीकत आहे, ज्याने अल्लाहच्या भीतीने आपला देह जाळून राख वाऱ्यावर उधळण्याची वसियत केली. अल्लाहने एका आज्ञेने ती राख एकत्र करून त्याला उभे केले आणि त्याला माफही केले. दुसऱ्याच्या शरीरात गेलेले दोन इवलेसे अवयव त्याला सापडणार नाहीत असे कसे होईल? जी मुले बालिग होण्यापूर्वी जातात, ती तर आईबापांसाठी आगीपासून आडोसा होतात, अशी खुशखबर हदीसमध्ये आहे. जनाजाच्या दुआमध्ये आपण म्हणूनच त्यांच्यासाठी मग्फिरत मागत नाही. ती आमच्यासाठी पुढे गेलेली पुंजी ठरावीत, एवढेच मागतो.

देह रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा त्याला टाके घातलेले असतात. गुस्ल देणाऱ्यांनी जखमेवर हलक्या हाताने पाणी सोडावे, स्राव होत असेल तर कापूस व पट्टी बांधावी आणि कफन पूर्ण घालावे. जनाजाच्या नमाजमध्ये काहीही कमी होत नाही. गुस्ल देणाऱ्याने जे पाहिले, ते बाहेर बोलू नये; ही अमानत आहे.

आणि रडणाऱ्यांना रडू द्यावे. प्रेषितांचे (स.) पुत्र इब्राहीम दीड वर्षाचेही झाले नव्हते. त्यांच्या दाईचे पती लोहार होते. त्या घरी मांडीवर अखेरचे श्वास घेणाऱ्या बाळाकडे पाहून प्रेषितांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी आश्चर्याने विचारले, आपणसुद्धा? तेव्हा प्रेषितांनी ती दया असल्याचे सांगितले. डोळे पाझरतात, अंतःकरण दुःखी होते, पण तोंडातून रबला न आवडणारे काही निघत नाही. ज्या घरातून असा लहान जनाजा निघाला, त्या घरी मूत्रपिंडाचा विषय काढू नये, दिली की नाही हे विचारू नये. हजरत जाफर (रजि.) शहीद झाले तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण शिजवा, असे प्रेषितांनी (स.) सांगितले होते. तेवढे करावे : डबा पोहोचवावा आणि थोडा वेळ शेजारी बसावे.